लेकीचे मन कोणाच्या मालकीचे?

या महिन्याच्या चिंतनासाठी घेतलेला विषय प्रवचनाच्या व्यासपीठावर सहसा येत नाही. तो येतो प्रवचन संपल्यावर, मंडळी प्रसादाला उठली की. एखादा गृहस्थ मागे रेंगाळतो, इकडेतिकडे पाहतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "अप्पा, घरात मुलगी वयात आली आहे. एका मुलाबरोबर फिरते असे कानावर आले. काय करावे?" असे विचारणारा बाप वाईट नसतो. तो कष्टाळू असतो, मुलीच्या शाळेची फी वेळेवर भरणारा असतो, ती आजारी पडली की रात्रभर उशाशी बसणारा असतो. तरीही त्या एका बातमीने तो असा हलतो की पोटच्या मुलीकडे परक्यासारखा पाहू लागतो. हे असे का होते, आणि धर्माने या बापाला काय सांगावे, याचा विचार आपण येथे करू.

भोपाळच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या एका शरण कुटुंबाचे उदाहरण घेतो. त्यांच्या संमतीने लिहीत आहोत. नावे मुद्दाम देत नाही. घराणे मूळ वाशीमकडचे. आजोबा नागपूरच्या सचिवालयात नोकरीला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरची अनेक मराठी कुटुंबे आपले बिऱ्हाड उचलून तिकडे गेली. त्यांतलेच हे एक. पुढची पिढीही शासकीय नोकरीत राहिली. घरी मराठी, दारी हिंदी. श्रावणात इष्टलिंगपूजा नेमाने, बसवजयंती उत्साहाने. दोन मुली. थोरली सतरा वर्षांची, बारावीत. महाराणा प्रताप नगरातील कोचिंग क्लासला जाते. तेथील एका मुलाबरोबर ती शाहपुऱ्याच्या तलावाकाठी बसलेली कोणा ओळखीच्याने पाहिली आणि सहा नंबरच्या बाजारात भाजी घेताना ती बातमी वडिलांच्या कानावर घातली.

आमचा मुक्काम तेव्हा भोपाळात होता. वडील आले आणि म्हणाले, "अप्पा, हे लफडे वेळीच थांबवायचे आहे. मी तिला उद्या पूजेच्या वेळी घेऊन येतो. तिच्या तळहातावर इष्टलिंग असताना आपण तिच्याकडून शपथ घ्यावी, की त्या मुलाला पुन्हा भेटणार नाही. लिंगाची शपथ ती मोडणार नाही."

वाचकहो, क्षणभर थांबून या मागणीकडे पाहा. बापाचा मुलीच्या श्रद्धेवर विश्वास आहे, मुलीवर नाही. आणि ज्या श्रद्धेवर विश्वास आहे, तिचाच त्याला कुलूप म्हणून उपयोग करायचा आहे.

आम्ही ती शपथ घेतली नाही. कारण त्यांना जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडतो.

शरणांनी इष्टलिंग प्रत्येकाच्या तळहातावर दिले. पुरुषाच्या दिले तसेच स्त्रीच्या दिले. परंपरा सांगते की बालवयात बसवण्णांनी मुंज नाकारली, कारण जो संस्कार थोरल्या बहिणीला, अक्कनागम्मांना, मिळत नाही तो आपल्याला नको. त्या बालकाच्या प्रश्नातून पुढे जे उभे राहिले त्यात मुलीला दीक्षा आहे, पूजेचा अधिकार आहे, आणि तिच्या व तिच्या लिंगाच्या मध्ये कोणी नाही. बाप नाही, नवरा नाही, आणि आम्हीही नाही. मुलीच्या कानात मंत्र देताना आपण तिला सांगतो की तुझ्या मनाचे साक्षित्व तुझ्याकडे आहे. सतराव्या वर्षी त्याच लिंगाला तिच्यावर पहारेकरी नेमायचे, ही दिलेली वस्तू परत काढून घेण्यासारखी गोष्ट झाली. धाकाने घेतलेली शपथ पाळली तर भक्ती कुजते, मोडली तर भक्तीच सुटते. दोन्हीकडून तोटा देवाचाच.

यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग काय, पोर विहिरीत उडी घेते आहे आणि बापाने काठावर उभे राहून साक्षित्वाच्या गप्पा माराव्यात?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्यासाठी आधी बापाच्या काळजीची घडी उलगडून पाहिली पाहिजे. ती एकसंध दिसते, पण तिच्यात निदान चार धागे आहेत. पहिला धागा मुलीला इजा होण्याच्या भयाचा: कोणी फसवेल, अंगाला हात लावील, छायाचित्रे काढून धमकावील, अभ्यास बुडेल. दुसरा लौकिकाचा: लोक काय म्हणतील, धाकटीचे कसे जमेल. तिसरा जातीचा: मुलगा कोणाचा, आपल्यातला आहे काय. आणि चौथा, ज्याला बाप कधी नाव देत नाही, तो विरहाचा: काल माझे बोट धरून चालणारी आज कोणा दुसऱ्याच्या शब्दाने हसते आहे. हे चारही धागे खरे आहेत, पण चारांचे मोल सारखे नाही. पहिल्यासाठी मुलीला आवरणे धर्म आहे. उरलेल्या तिघांसाठी मुलीला आवरताना बाप बहुधा पहिल्याचेच नाव सांगतो. घोटाळा येथे आहे.

शब्दाचेही भान ठेवावे. त्या गृहस्थांनी 'लफडे' म्हटले. कोणी 'भानगड' म्हणतो, भोपाळकडे 'चक्कर' म्हणतात. चौकशी होण्याआधीच निकाल देणारे हे शब्द आहेत. मुलगी त्या मुलाशी बोलते, तलावाकाठी बसते, एवढेच माहीत असताना आपण शब्द असा निवडतो की तिला खुलासा करायलाही लाज वाटावी. शरणांनी वाणीच्या शुद्धतेला एवढे महत्त्व का दिले ते घरातच कळते.

आता मालकीचा प्रश्न. आपल्याकडे विवाहात 'कन्यादान' हा शब्द रूढ आहे, आणि त्या शब्दाने बापाच्या मनावर फार खोल संस्कार केला आहे. दान देता यायला वस्तू आपली असावी लागते. मीमांसाशास्त्रात याचा मार्मिक विचार आहे. विश्वजित् नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व द्यावे, असे विधान आहे. तेव्हा शंका निघाली की 'सर्वस्वा'त आईबापही आले काय? तेही 'माझे'च ना? जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात याचा निर्णय आहे. दान म्हणजे आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे. जेथे मुळात स्वामित्व नाही तेथे दान संभवतच नाही. आईबाप 'माझे' आहेत ते नात्याने, मालकीने नव्हे. म्हणून ते देता येत नाहीत. हा न्याय आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा तो यज्ञापुरता वाटला होता. पण लेक 'माझी' आहे असे म्हणताना आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? शेत माझे, या अर्थाने, की आई माझी, या अर्थाने? ज्या अर्थाने आई माझी, त्याच अर्थाने लेक माझी. सांभाळ करण्याचे कर्तव्य माझे. तिच्या मनाची सातबारावर नोंद माझ्या नावे नाही.

सांभाळ आणि मालकी यांतला हा भेद ध्यानी आला की विहिरीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. विहिरीच्या काठावरून लेकराला ओढणे हा सांभाळ आहे. पण प्रत्येक पाणवठा म्हणजे विहीर असे सांगून तिला जन्मभर तहानलेली ठेवणे, ही मालकी आहे.

महाभारताच्या वनपर्वातील अश्वपती राजाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण आपण ती सावित्रीची म्हणून ऐकतो. बापाची म्हणून ऐकत नाही. मुलगी वयात आली, तिच्या तेजामुळे कोणी मागणी घालायला धजेना. तेव्हा बापाने तिला सांगितले की तूच जाऊन आपल्याजोगा वर पाहून ये. वृद्ध अमात्य बरोबर दिले, रथ दिला, आणि तिला पाठवले. ती सत्यवानाला मनाने वरून परत आली. नारदांनी सांगितले, मुलगा गुणी आहे, पण त्याचे आयुष्य एक वर्षाचे आहे. अश्वपती हादरला. तो म्हणाला, बाळ, दुसरा कोणी निवड. यापेक्षा रास्त काळजी कोणत्या बापाची असेल? सावित्रीने नकार दिला. मग त्या बापाने काय केले? दार लावले नाही. तो स्वतः वनात द्युमत्सेनाकडे गेला, आपणहून सोयरीक मागितली आणि विवाह करून दिला. आपले मत त्याने स्पष्ट सांगितले, पुन्हा विचार करायला लावले, आणि मुलगी ठाम आहे असे पाहून तिच्या मागे उभा राहिला. बरोबर दिलेले वृद्ध अमात्यही विसरू नका. अश्वपतीने स्वातंत्र्य दिले आणि सोबतही दिली. आपण बहुधा दोन्ही देत नाही.

कोणी म्हणेल, ती राजकन्या, ती वयाने मोठी. बरे, आपल्या शरणांच्या अंगणात येऊ. अक्कमहादेवींची कथा परंपरेने अशी सांगितली आहे की उडुतडीच्या त्या तरुण मुलीवर कौशिक राजाचे मन गेले. राजाच्या धाकाने आईबाप हवालदिल झाले. मुलीने आपले मन आधीच चन्नमल्लिकार्जुनाला दिले होते. राजाची सत्ता, आईबापांची असहायता, समाजाची बोलणी, यांतले काहीही ते मन परत फिरवू शकले नाही. ती कल्याणला आली. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले, टोचणारे प्रश्न विचारले. पण विचारून झाल्यावर तिचे उत्तर ऐकले. आणि ऐकून घेतल्यावर तिला मान दिला.

येथे गैरसमज नको. कोचिंग क्लासमधील ओढ आणि अक्कांचे वैराग्य यांना आम्ही एका तागडीत घालत नाही. सतराव्या वर्षीची ओढ बहुधा ऋतूसारखी येते आणि जाते. सांगायचे ते एवढेच, की मन देण्याचा अधिकार ज्याचे मन त्याचा; आणि थोरांचे काम प्रश्न विचारणे व उत्तर ऐकणे हे होय. अल्लमप्रभूंनी प्रश्न विचारले नसते तर ती बेपर्वाई झाली असती. उत्तर ऐकले नसते तर तो जुलूम झाला असता.

आता तिसऱ्या धाग्याकडे, जातीकडे वळू. येथे आपल्यालाच आरसा पाहावा लागतो. कल्याणात ११६७ च्या सुमारास काय घडले? जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसांच्या मुलीचा विवाह चर्मकार हरळय्यांच्या मुलाशी, शीलवंताशी, झाला. दोन्ही बाप लिंगधारी शरण होते. त्यांच्या दृष्टीने दोघेही एकाच कुळाचे, शिवकुळाचे. सनातन्यांनी राजा बिज्जळाकडे तक्रार नेली आणि त्या दोन बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेण्याची शिक्षा झाली, असे परंपरा सांगते. कल्याण पेटले, शरण पांगले, बसवण्णा कूडलसंगमाला गेले.

या कथेतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली ही, की लौकिकाच्या भयाला पाठ दाखवून मुलांच्या पाठीशी उभे राहिलेले दोन बाप आपल्या परंपरेचे हुतात्मे आहेत. दुसरी अधिक बोचणारी आहे. त्या बापांची नावे आपण बरोबर जाणतो. मुलीचे नाव मात्र कोणी लावण्या सांगतो, कोणी कलावती. जिच्या विवाहावरून एवढे रामायण झाले तिला काय वाटत होते, हे आपण कधी विचारले नाही. आज बसवजयंतीला आपण हरळय्यांचा जयजयकार करतो, आणि घरी आलेल्या स्थळाची पोटजात आधी विचारतो. त्या भोपाळच्या गृहस्थांनाही आम्ही विचारले, "मुलगा आपल्यातलाच असता तर बातमी ऐकून एवढी झोप उडाली असती काय?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थोडी कमी उडाली असती." त्यांच्या प्रामाणिकपणाला आम्ही मनोमन वंदन केले. जेवढी झोप कमी उडाली असती, तेवढी काळजी मुलीची नव्हती.

भयाला धर्माचे नाव देण्याची खोड जुनी आहे. आज अठराच्या आत मुलीचे लग्न हा गुन्हा आहे हे आपण सहज मान्य करतो. पण १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करण्याचा कायदा आला, तेव्हा धर्म बुडाला म्हणून महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा केले, तेव्हा तेच. १९७८ मध्ये ते अठरा झाले. प्रत्येक वेळी बाप भ्याले, प्रत्येक वेळी त्या भयाला शास्त्राचा आधार सापडला, आणि प्रत्येक वेळी धर्म शिल्लक राहिला. त्याच काळातील डॉ. रखमाबाईंचे उदाहरण पाहा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले गेले. मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत वैद्यकी शिकल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची सेवा केली. त्यांच्या नकाराच्या आरंभी त्यांच्या पाठीशी उभे होते ते सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. ते १८८५ मध्ये वारले. पण मुलीला 'नाही' म्हणता येते हे तिला ज्या घरात शिकायला मिळाले, ते घर त्यांचे होते.

हा मुद्दा काळजीपूर्वक पाहा. ज्या मुलीने बापासमोर 'नाही' म्हणायचे नाही असे शिकवले जाते, ती उद्या परक्या मुलासमोर 'नाही' कशी म्हणेल? 'नाही'चा सराव घरातच व्हावा लागतो. आपण आज्ञाधारक मुलगी घडवतो, आणि मग ती कोणाचीही आज्ञा ऐकते याचे आश्चर्य करतो.

त्याच कुटुंबातील आणखी एक गोष्ट. जून २०२४ मध्ये शिवाजीनगर आणि तुळशीनगर येथील हजारो झाडे तोडून मंत्री-आमदारांसाठी घरे बांधण्याची योजना निघाली होती. तेथील बायाबापड्या रस्त्यावर आल्या, झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या, आणि शासनाला ती योजना मागे घ्यावी लागली. ही मुलगीही त्यांत होती. वडील कौतुकाने सांगत होते, "पोर भर उन्हात उभी राहिली, तिची समज मोठी आहे." आम्ही म्हटले, "झाडाचे बरेवाईट तिला कळते, आणि स्वतःचे कळत नाही असे कसे?" ज्या शहराचा कारभार १८१९ पासून १९२६ पर्यंत बहुतांश काळ चार बेगमांनी पाहिला, आणि त्यांतली पहिली, कुदसिया बेगम, अवघ्या अठराव्या वर्षी गादीवर येऊन बसली, त्या शहरातील बापाला तरी मुलीच्या समजेवर एवढा अविश्वास शोभत नाही.

मग बापाने काहीच करू नये काय? तसे नाही. पहिला धागा, इजेचा, खरा आहे, आणि तेथे बापाने मऊ पडू नये. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा, पॉक्सो, २०१२ पासून आहे. त्या कायद्यात अठराच्या आतील मुलीची संमती ग्राह्य नाही. मैत्री, बोलणे, तलावाकाठी बसणे हा गुन्हा नाही. पण त्यापुढे पाऊल गेले तर मुलगा, मग तो स्वतः अल्पवयीन का असेना, गुन्ह्यात सापडतो आणि दोन्ही घरे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात. हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावे. आईने सांगावे, आणि बापानेही लाज न बाळगता सांगावे. मोबाईलवर कोणाला कसली छायाचित्रे पाठवू नयेत, कोणी धमकावले तर त्याच दिवशी घरी सांगावे, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत, हेही सांगावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपला जोडीदार निवडण्याचा तिचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निवाड्यांत पुन्हा उच्चारला आहे, हे बापाने स्वतःलाही सांगावे. म्हणजे जे काही शिकवायचे ते शिकवायला फार थोडा वेळ हाती आहे, हे उमजेल.

नियम घालताना तीन कसोट्या लावाव्यात, असे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले.

पहिली कसोटी अशी, की ज्या नियमाचे कारण मुलीच्या डोळ्यांत पाहून सांगता येते तोच नियम घालावा. 'आठच्या आत घरी ये, कारण रात्री रस्ता सुनसान असतो' हे सांगता येते. 'त्याच्याशी बोलू नकोस, कारण शेजारचे काय म्हणतील' हे सांगताना आपलीच मान खाली जाते. जेथे मान खाली जाते तेथे नियम नसून भय आहे.

दुसरी कसोटी, तोच नियम मुलालाही लागू असावा. जेडर दासिमय्यांनी शिकवले की शरीराच्या खुणांवरून आपण स्त्री म्हणतो, पुरुष म्हणतो. आत वसणारा आत्मा स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही. मग वाट पाहण्याची वेळ मुलीला आठची आणि मुलाला बाराची कशी? ज्या शरणांच्या घरी मुलगे आहेत त्यांना येथे विशेष सांगणे आहे. मुलींच्या बापांची झोप उडवणारी मुले आकाशातून पडत नाहीत, आपल्याच घरांतून क्लासला जातात. मुलीचा नकार एकदाच ऐकून मागे फिरावे, तिची छायाचित्रे मित्रांना दाखवू नयेत, मैत्रीचा सूड बदनामीने घेऊ नये, हा सदाचार आपण मुलांना कोणत्या वयात शिकवतो?

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. नियम असा असावा की तो मोडल्यावरही मुलीला घरी परत येता यावे. समजा, ती फसली. समजा, कोणी तिला धमकावले. त्या रात्री ती कोणाकडे जाईल? ज्या बापाने 'असे काही केलेस तर मला मेलेला समज' म्हटले आहे, त्याच्याकडे ती जाणार नाही. ती विहिरीकडे जाईल. आणि मग विहीर खणली कोणी, हा प्रश्न त्या बापाला जन्मभर पुरेल.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. शपथेसाठी नव्हे, बोलण्यासाठी. आई बरोबर होती. मुलगी आम्हाला म्हणाली, "अप्पाजी, मी क्लासच्या नावाखाली तलावावर जाते हे खरे आहे. बाबांशी खोटे बोलणे मला आवडत नाही. पण खरे बोलायची सोयच घरात नाही." आईने पदराने डोळे पुसले. दोन महिने ती माउली मुलीचे बापापासून लपवत होती आणि बापाचा राग मुलीपासून. घरात पहारा बसला की पहिला बळी आईचाच जातो.

आम्ही बापाला म्हटले, "तुम्ही पाप शोधत तलावापर्यंत गेलात. ते घरातच होते. मुलीने खोटे बोलणे हे पाप, आणि तिला खोटे बोलायला लागावे अशी घराची मांडणी हे त्याहून मोठे." अल्लमप्रभूंनी माया कोठे आहे हे सांगताना सोने, स्त्री, भूमी यांच्याकडे बोट दाखवले नाही, मनापुढे उभ्या असलेल्या हावेकडे दाखवले. बापाच्या मनापुढेही एक हाव उभी असते, मुलगी सदैव आपलीच राहावी ही. ती प्रेमाचे रूप घेऊन येते, म्हणून ओळखू येत नाही.

ठरले ते साधेच. मुलीने कोठे जाते ते सांगून जायचे. क्लासची वेळ क्लासलाच द्यायची, कारण विद्या हे या वयाचे कायक आहे. छायाचित्रांचे आणि एकांताचे बंधन तिने स्वतः मान्य केले. मुलाने एक दिवस घरी चहाला यायचे, आणि त्याच्या घरीही ही ओळख माहीत असायची. वडिलांनी विचारले, "चहापर्यंत ठीक आहे, अप्पा. पण पुढे?" पुढचे उत्तर आज कोणाकडेच नसते. पुढचे पुढच्या वर्षीची मुलगी ठरवील, आणि ती आजच्यापेक्षा शहाणी असेल की नाही हे बऱ्याच अंशी आजच्या बापावर अवलंबून आहे.

त्या गृहस्थांना अजून शांत झोप लागते असे नाही. मुलाची जात त्यांना अजून खुपते, आणि ते ती लपवीत नाहीत. परंतु ती आता तलावावरून आली की बैठकीत येऊन बसते, आणि बाप विचारतो, "काय बोललात गं आज?" कधी ती सांगते, कधी 'काही नाही बाबा' म्हणून उठते. या 'काही नाही'चा मान राखणे हे त्यांना सर्वांत जड जाते.

शरणहो, मुलगी ही आपल्या घरी आलेली जंगमस्वरूप आहे. जंगम म्हणजे चालते ते. स्थावराला भिंत घालता येते, जंगमाला वाट द्यावी लागते. वाटेत दिवा धरा, खड्डा दाखवा, हाक मारली तर धावत जा. पण वाट तिची आहे, आणि पाय तिचे आहेत. आज घरी जाल तेव्हा मुलीला उपदेश करू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला काही तरी विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नाही.

शरणु शरणार्थी.